पाळणाघरांचा बाजार आणि नव्या गावातले आईबाप

एप्रिल-मे हा महाराष्ट्रातील शासकीय बदल्यांचा हंगाम. बँका, विमा कार्यालये आणि खासगी कंपन्या यांचेही हुकूम थोड्याफार फरकाने याच सुमारास निघतात, आणि जूनच्या पहिल्या पावसात कित्येक बिऱ्हाडे एका गावाहून दुसऱ्या गावी जाऊन पडतात. या स्थलांतराचा एक कागदोपत्री हिशेब असतो. सामानाचे वजन, टेंपोचे भाडे, कुटुंबातील माणसांची तिकिटे, रुजू होण्यासाठी मिळणारे दिवस, हे सर्व प्रवासभत्त्याच्या देयकात मांडता येते. घरात दीड-दोन वर्षांचे मूल असेल तर मात्र त्या देयकात न बसणारा एक मोठा खर्च कुटुंबाला सोसावा लागतो. जुन्या गावी त्या मुलाला सांभाळणारी जी माणसे होती ती मागे राहतात. आणि नव्या गावी त्याला दिवसाचे आठ-दहा तास कोणाच्या स्वाधीन करावयाचे, या प्रश्नाचे उत्तर त्या मोजक्या दिवसांत शोधावे लागते.

घर भाड्याने घ्यावयाचे तर माणसे आठ ठिकाणी फिरतात, पाण्याची वेळ विचारतात, भिंतीची ओल हाताने चाचपून पाहतात. शाळेच्या प्रवेशासाठी तर महिनोन्महिने आधी चौकशी सुरू होते. पाळणाघर मात्र बहुधा एका संध्याकाळी, घराच्या वाटेवर दिसलेल्या पाटीवरून ठरते. हा आईबापांचा निष्काळजीपणा नव्हे. पाहावयाचे काय आणि विचारावयाचे कोणाला, हेच त्यांना ठाऊक नसते. समाजही हा प्रश्न त्या घराचा, किंबहुना त्या घरातील आईचा, खासगी प्रश्न समजून मोकळा होतो. वस्तुतः हा अर्थव्यवहाराचा प्रश्न आहे, आणि तसाच तो तपासला पाहिजे.

फुकट मिळणारी माहिती

वाड्यात, चाळीत किंवा लहान गावाच्या आळीत मूल सांभाळण्याची जी व्यवस्था होती, तिचे मर्म माहितीत होते. कोणत्या घरातील बाई प्रेमळ, कोणाचा हात लवकर उठतो, कोणाच्या घरी दुपारचा वरणभात वेळेवर होतो, हे साऱ्यांना माहीत असे, आणि या माहितीचे मोल कोणी मोजत नसे. या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. तिचाही खर्च होता; तो फक्त दुसऱ्यांच्या खात्यावर पडत होता. घरातील आजी गुडघे दुखत असताना नातवामागे धावत असे, आणि कित्येक घरांत धाकट्या भावाला कडेवर घेण्यासाठी थोरल्या बहिणीची शाळा सुटत असे. तेव्हा जुने दिवस परत यावेत, अशी इच्छा करण्यात अर्थ नाही. ते आले तर पुन्हा कोणा मुलीच्या शाळेवरच येतील.

तथापि त्या व्यवस्थेबरोबर ती फुकटची माहितीही गेली, हे खरे आहे. वाकड-हिंजवडीच्या किंवा खारघर-बदलापूरच्या नव्या इमारतींत एकाच मजल्यावरील चार घरे चार जिल्ह्यांतून आलेली असतात. समोरच्या दारावरचे आडनाव वाचून त्या माणसाचा स्वभाव कळत नाही. लातूरहून किंवा रत्नागिरीहून येथे आलेल्या जोडप्याला पाळणाघरांची नावे पाच मिनिटांत कळतात, पण त्यांच्याविषयीचे ज्ञान पाच महिन्यांतही मिळत नाही.

डोळ्यांआड विकली जाणारी सेवा

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्यांना 2001 मध्ये ज्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले, त्याचा पाया या निबंधात आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: मोटार आतून कशी आहे हे विकणाऱ्यास माहीत असते, घेणाऱ्यास नसते. म्हणून घेणारा चांगल्या मोटारीलाही सरासरीचीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगली मोटार विकणे परवडत नसल्याने तिचा मालक बाजारातून निघून जातो, आणि मागे उरतात त्या बहुतेक खराब मोटारी.

पाळणाघराचा बाजार याहूनही अवघड आहे. मोटार निदान घेणारा स्वतः चालवून पाहतो. येथे पैसे देणारा एक आणि सेवा घेणारा दुसरा. पैसे देणारा सकाळी नऊला दारातून परत फिरतो. आणि ज्याच्या वाट्याला ती सेवा येते त्याला ‘आई’, ‘पाणी’ आणि ‘नको’ यापलीकडे फारसे शब्द येत नाहीत. दिवसभर त्याला कोणी जवळ घेतले का, ओली चड्डी किती वेळाने बदलली, दुपारी तो झोपला की रडून थकून गप्प झाला, हे तो सांगू शकत नाही. ज्या मालाची तक्रारच होऊ शकत नाही, त्याचा दर्जा केवळ स्पर्धेने सुधारेल अशी आशा धरणे भाबडेपणाचे ठरेल.

एक साधा हिशेब मांडून पाहावा. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, एका पाळणाघरात दहा मुले असून प्रत्येकामागे दरमहा 5,000 रुपये येतात. एकूण जमा 50,000. त्यातून जागेचे भाडे 15,000, वीज, खाऊ आणि साफसफाई यांचे 8,000, आणि मुले सांभाळणाऱ्या दोन मावश्यांचा प्रत्येकी 10,000 प्रमाणे 20,000 पगार वजा जाता संचालिकेच्या हाती 7,000 रुपये उरतात. आता तिने त्याच जागेत, त्याच दोन मावश्यांच्या भरवशावर आणखी पाच मुले घेतली तर जमा 75,000 होते; खाऊ वगैरेंचा खर्च 12,000 वर जातो, भाडे आणि पगार आहेत तेवढेच राहतात, आणि तिच्या हाती 28,000 रुपये पडतात. मुले दीडपट झाली, पण तिची मिळकत चौपट झाली. एका मावशीच्या वाट्याला पाच मुलांऐवजी साडेसात मुले आली, एवढाच काय तो फरक. आणि तो फरक सकाळी नऊला दारात उभ्या असलेल्या बापाला दिसत नाही.

दुसरी संचालिका दहा मुलांवरच थांबून तेवढेच 28,000 मिळवू पाहील, तर तिला दरमहा 7,100 रुपये आकारावे लागतील. दोन्हीकडे भिंतीवर तीच ससा-कासवाची चित्रे, तेच रंगीत तक्के, तेच हसतमुख स्वागत. गावात नवे आलेले जोडपे 5,000 रुपयांचे ठिकाण निवडते, आणि त्याला दोष देता येत नाही. काही महिन्यांनी दुसरी संचालिका एक तर मुले वाढवते किंवा पाळणाघर बंद करते. प्रामाणिकपणाला बाजारातून हुसकावून लावण्यासाठी कोणी दुष्ट असावे लागत नाही. माहितीचा अभाव तेवढा पुरेसा असतो.

पाहावे काय, विचारावे काय

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. भिंती पाहण्यात वेळ घालवू नये. माणसे आणि मुले मोजावीत. ‘तुमच्याकडे मुले किती’ या प्रश्नाला मिळणारे उत्तर पटावरचे असते. विचारावयाचे ते असे की, दुपारी एक वाजता येथे मुले किती असतात आणि त्या वेळी प्रत्यक्ष मुलांजवळ बसणाऱ्या बाया किती. स्वयंपाक करणारी, फोन घेणारी आणि दार उघडणारी या मोजणीत धरू नये. एक मावशी रजेवर गेली तर तिच्या जागी कोण येते, या प्रश्नाच्या उत्तरात पाळणाघराची निम्मी परीक्षा होते. ज्याने याचा विचार केलेला आहे तो चटकन एक नाव सांगतो; ज्याने केलेला नाही तो हसून विषय बदलतो.

दुसरा प्रश्न मावश्यांच्या नोकरीचा. आताच्या मावश्या येथे किती दिवस आहेत, आणि गेल्या वर्षात किती जणी सोडून गेल्या? दोन वर्षांच्या मुलाला संस्था ओळखता येत नाही. त्याला माणूस ओळखता येते. दर तीन महिन्यांनी कडेवर घेणारे हात बदलत असतील तर संस्थेचे नाव कितीही मोठे असो, त्या मुलाच्या दृष्टीने ते दर तीन महिन्यांनी नवे गाव आहे. आणि हात का बदलतात, याचे कारण बहुधा पगारपत्रकात सापडते. आपले मूल जिच्या हाती द्यावयाचे तिला महिन्याकाठी काय मिळते, हे विचारण्याचा संकोच आईबापांनी सोडला पाहिजे. जिला स्वतःच्या मुलाला शेजारणीकडे टाकून यावे लागते आणि तरीही महिना भागत नाही, तिने दुसऱ्याच्या मुलाला दिवसभर हसत खेळवावे, ही अपेक्षा न्यायाची नाही आणि टिकाऊही नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. पाळणाघर पाहावयास सकाळी जाऊ नये. सकाळी सर्वच जागा झाडून-पुसून लख्ख असतात. दुपारी चार ते सहा या वेळात, आणि शक्य तर न कळवता, जावे. तेव्हा मुले झोपून उठलेली, किरकिरी झालेली, भुकेली असतात आणि सांभाळणारीही थकलेली असते. अशा वेळी एखादे मूल रडू लागले तर काय होते, हे पाच मिनिटे शांतपणे पाहावे. कोणी उठून जवळ जाते, की नुसता लांबून आवाज चढतो? मुले कुजबुजत, बोलत, भांडत असतील तर ते चांगले लक्षण. पंधरा मुलांच्या खोलीत संपूर्ण शांतता असेल तर ती शिस्त नव्हे; ती भीती असू शकते, किंवा समोर मोबाइलचा पडदा लावून ठेवलेला असू शकतो. पालकांना ठरावीक वेळेखेरीज आत येण्यास मज्जाव असेल, तर त्या दारातूनच परत फिरावे हे उत्तम.

याखेरीज काही गोष्टी अगदी घरगुती आहेत, पण त्यांच्यावाचून चालत नाही. पिण्याचे पाणी कोठले, मोरी आणि संडास किती स्वच्छ, गॅस मुलांच्या हाताला लागतो का, गॅलरीला जाळी आहे का, ताप आलेल्या मुलाला घेतात की परत पाठवतात, मूल न्यावयास कोणी भलताच माणूस आला तर काय करतात. तापाच्या मुलाला परत पाठवणारे पाळणाघर पालकांना त्रासदायक वाटते. इतर नऊ मुलांच्या दृष्टीने मात्र तेच शहाणपणाचे असते.

मग अंतराचा प्रश्न येतो. पाळणाघर घराजवळ असावे की कार्यालयाजवळ? अंगावर पिणारे किंवा नुकते वर्षाचे झालेले मूल असेल तर कार्यालयाजवळचे बरे, कारण मधल्या सुटीत आईला जाता येते. परंतु बदलापूरहून किंवा विरारहून मुंबईला लोकलने जाणाऱ्या आईने तान्ह्या मुलाला त्या गर्दीत नेणे अशक्यच. तेथे घराजवळचे पाळणाघर घ्यावे लागते. मग प्रश्न असा की, जुलैच्या एखाद्या संध्याकाळी गाड्या बंद पडल्या आणि पाळणाघर सात वाजता मिटत असेल, तर सातनंतर मूल कोठे असेल? याचे उत्तर पहिल्या पावसाआधी ठरलेले असावे. शेजारचे एखादे घर विश्वासात घेऊन तेथील व्यक्तीचे नाव पाळणाघराच्या वहीत नोंदवावे. नव्या वस्तीत ओळखी वाढवण्याचे याहून चांगले निमित्त नाही.

शेवटची गोष्ट रुळण्याची. गाव बदलले, घर बदलले, खिडकीतून दिसणारे झाड बदलले. त्यातच ज्या दिवशी आई नव्या कार्यालयात रुजू झाली त्याच दिवशी मुलाला नव्या पाळणाघरात सोडले, तर त्याने रडू नये असे कोणी म्हणू नये. पहिले दोन-तीन दिवस आईने किंवा बापाने तेथेच बसावे, मग तासभर सोडावे, मग दुपारपर्यंत, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पूर्ण दिवस. यासाठी दोघांनी मिळून रजा वाटून घेतली तर ती साधते. महाराष्ट्र शासनाने 2018 मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांसाठी 180 दिवसांची बालसंगोपन रजा मंजूर केली. ज्यांना ती लागू आहे त्यांनी तिचे काही दिवस दहावी-बारावीच्या परीक्षांसाठी राखताना थोडे दिवस या रुळण्यासाठीही राखावेत. दीड वर्षाच्या मुलाच्या दृष्टीने ही परीक्षा दहावीहून लहान नाही.

कॅमेरा आणि अपराधभाव

अलीकडे या सर्व चौकशीला एकच पर्याय सांगितला जातो, तो म्हणजे कॅमेरा. नोव्हेंबर 2016 मध्ये खारघर येथील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला सांभाळणाऱ्या बाईने मारहाण केली आणि ती दृश्ये साऱ्या देशाने पाहिली. त्या घटनेनंतर कॅमेऱ्याचा आग्रह धरला जाणे स्वाभाविक होते, आणि कॅमेरा असावा यात वाद नाही. परंतु त्या पाळणाघरातही कॅमेरा होताच. त्याच्यामुळे झालेल्या गोष्टीचा पुरावा मिळाला. ती गोष्ट टळली नाही. दहा मुलांमागे एकच थकलेली बाई ठेवून तिच्यावर चार कॅमेरे रोखल्याने पाचवे मूल उचलून घेण्यासाठी तिला आणखी एक हात फुटत नाही.

दुसऱ्या टोकाला असे म्हणणारे आहेत की मुळात पाळणाघर हाच अन्याय आहे, मुलाची जागा आईजवळच. या मताला शास्त्राचा आधार म्हणून जॉन बोल्बी यांचे नाव घेतले जाते. बोल्बी यांनी 1951 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेला अहवाल मुख्यतः घरापासून कायमच्या किंवा दीर्घकाळ तुटलेल्या मुलांविषयी होता. संध्याकाळी घरी परतणाऱ्या मुलांना तो जसाच्या तसा लावणे योग्य नव्हे. अमेरिकेत 1991 पासून तेराशेहून अधिक मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास झाला. दिवसा दुसऱ्यांनी सांभाळल्याने आई आणि मूल यांच्यातील जिव्हाळा आपोआप तुटत नाही, मुलाच्या वाढीवर सर्वांत मोठा प्रभाव घरच्या वातावरणाचाच राहतो, आणि सांभाळ चांगल्या दर्जाचा असेल तर भाषा व आकलन यांत मुलांना थोडा लाभ होतो, असे त्यात दिसून आले. फार जास्त तास बाहेर राहणाऱ्या मुलांत हट्टीपणा किंचित अधिक आढळला, हेही नमूद केले पाहिजे. तात्पर्य, पाळणाघर चांगले की वाईट, हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणते पाळणाघर, आणि किती तास, हा खरा प्रश्न.

अपराधभावाचे दुसरे रूप हिशेबाच्या वहीत दिसते. पाळणाघराचे पैसे बहुतेक घरांत आईच्या पगारातून वजा धरले जातात, आणि ‘एवढे देऊन उरते काय’ असा प्रश्न तिलाच विचारला जातो. बापाच्या पगारातून ते वजा का होत नाहीत, याचे उत्तर कोणी देत नाही. 2019 च्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीनुसार घरातील विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवत होत्या; अशी कामे करणारे पुरुष 97 मिनिटे. ज्या समाजात ही वाटणी आहे तेथे पाळणाघराचा खर्च आईच्याच नावे पडावा, यात नवल नाही. परंतु तो हिशेब अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही चुकीचा आहे. नोकरी सोडणारी स्त्री केवळ या वर्षीचा पगार सोडत नाही. ती पुढील वेतनवाढी, सेवाज्येष्ठता आणि म्हातारपणची शिल्लकही सोडते. पाळणाघर दोन-अडीच वर्षांचे असते, सोडलेली नोकरी आयुष्याची.

अडीच वर्षांची दरी

आता शासनाकडे वळू. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. म्हणजे मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत कायद्याचे छत्र आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षणाची पहिली पायरी तिसऱ्या वर्षापासून मानली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाडीत तीन वर्षांखालील मुलांना पूरक आहार आणि लसीकरण यांचा लाभ आहे, पण दिवसभराचा सांभाळ हे तिचे मूळ काम नव्हे. तेव्हा सहा महिने ते तीन वर्षे, या अडीच वर्षांत नोकरदार आईचे मूल कोठे असावे, याविषयी आपली सार्वजनिक व्यवस्था जवळजवळ मौन पाळून आहे. आणि नेमकी हीच वर्षे मूल चालू लागण्याची, बोलू लागण्याची आणि माणसांवर विश्वास टाकू लागण्याची असतात.

कायदे नाहीत असे नाही. 1948 च्या कारखाना अधिनियमात पाळणाघराची सक्ती होती. पुढे तिची मर्यादा तीसहून अधिक स्त्री-कामगार अशी झाली. स्त्रियांची संख्या मोजणाऱ्या या तरतुदीत एक पळवाट होती: एकोणतीस स्त्रिया ठेवल्या की पाळणाघर टळत असे. 2017 च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर ही जबाबदारी टाकताना स्त्री-पुरुष सर्वच कर्मचारी मोजले, आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पन्नास कर्मचाऱ्यांची मर्यादा ठेवण्यात आली. ही सुधारणा मोलाची आहे. तथापि पंचवीस शिक्षकांची शाळा, बारा लिपिकांची पतसंस्था, चार जणांचे वकिली कार्यालय या मर्यादेच्या बाहेरच राहतात. दिवसभर चाळीस मुलांना शिकवणाऱ्या शिक्षिकेच्या स्वतःच्या मुलासाठी त्या शाळेत एक खोली नसावी, यातील विसंगती कोणाला बोचताना दिसत नाही.

महाराष्ट्राने तरी हा प्रश्न अपरिचित म्हणून टाळू नये. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, हा विचार अनुताई वाघ यांच्या सोबतीने प्रत्यक्षात आणला. 1969 मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी इमारतीच्या बांधकामावरील मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी तेथेच पाळणाघर उघडले, आणि ते काम पुढे मुंबईतही आले. ज्यांच्या हाती पैसा नव्हता त्यांनी मुलांजवळ जाण्याचे धैर्य दाखवले. 2022 पासून केंद्राच्या ‘मिशन शक्ती’अंतर्गत ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघराची जोड देण्याचे धोरण आले आहे. दिशा योग्य आहे. मात्र अंगणवाडी सेविकेच्या आजवरच्या कामांवर आणखी एक काम चढवून ते साधणार नाही. वेगळी माणसे आणि त्यांना पुरेसा मोबदला दिला, तरच त्या अंगणवाडीत संध्याकाळपर्यंत दिवा राहील.

पाटीवर काय लिहावे

तोवर दोन गोष्टी तरी तातडीने व्हाव्यात. पहिली, प्रत्येक पाळणाघराची नोंद नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत व्हावी आणि दारावरील पाटीवर चार ओळी लिहिणे बंधनकारक असावे: मुलांची कमाल संख्या, प्रत्यक्ष सांभाळणाऱ्यांची संख्या, उघडण्या-मिटण्याची वेळ, आणि शेवटची तपासणी कोणत्या तारखेस झाली. यामुळे घरगुती पाळणाघरे चालवून संसाराला हातभार लावणाऱ्या गरजू स्त्रिया भरडल्या जातील, असा आक्षेप येईल. नियम संगमरवरी फरशीचे आणि वातानुकूलनाचे केले तर तो आक्षेप खरा ठरेल. माणसे मोजण्याचे आणि स्वच्छतेचे केले, तर उलट त्याच स्त्रियांचे रक्षण होईल. दोन खोल्यांत सहा मुले मायेने सांभाळणारी बाई आज रंगीत जाहिरातीपुढे हरते. पाटीवरच्या त्या चार ओळी तिच्या बाजूने साक्ष देतील. नियमामुळे दर वाढतील हेही खरे. पण आजचा कमी दर स्वस्त नाही. त्यातील उरलेली किंमत मूल आणि मावशी मिळून भरत आहेत. ज्यांना वाढीव दर परवडणार नाही त्यांच्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च झाला पाहिजे, हे त्यावरचे उत्तर आहे.

दुसरी गोष्ट सहकाराची. पगारदार नोकरांच्या पतसंस्था महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. घरासाठी, लग्नासाठी आणि दुचाकीसाठी त्या कर्ज देतात. तालुक्याच्या गावी शिक्षकांची, बँक कर्मचाऱ्यांची आणि शासकीय लिपिकांची पतसंस्था एकत्र येऊन एक पाळणाघर चालवू शकत नाहीत, असे मानण्याचे कारण नाही. जेथे पैसे देणारा आणि चालवणारा एकच असतो, तेथे जादा पाच मुले कोंबण्याचा मोह मुळातच उरत नाही. शिवाय बदलीवर आलेल्या कुटुंबाला पहिल्याच दिवशी एक विश्वासाचे दार मिळते. कर्मचारी संघटनांनी आपल्या मागण्यांच्या यादीत महागाई भत्त्याच्या खाली का होईना, ही एक ओळ घालावी.

बदलीचा हुकूम काढणारा अधिकारी, घर भाड्याने देणारा मालक, नव्या वसाहतीला परवानगी देणारी नगरपालिका, हे सर्व त्या कुटुंबातील मोठ्या माणसांचा विचार करतात. दीड वर्षाच्या माणसाचा विचार करण्याचे काम एकट्या आईवर सोडून दिलेले आहे, आणि तिच्या हाती त्यासाठी एक संध्याकाळ आहे. ती संध्याकाळ तिने भिंती पाहण्यात न घालवता माणसे मोजण्यात घालवावी, एवढे तिला सांगता येईल. परंतु मोजलेली माणसे पुरेशी निघावीत, याची व्यवस्था करणे हे तिचे एकटीचे काम नव्हे. ते गावाचे काम आहे.